घेरातला दोरा

"आई, अजून आलेत," सुन्नेवा म्हणाली आणि तिने फोन टेबलावर पालथा टाकला. पुन्हा उचलला. पुन्हा वाचला.

"वाचू नकोस म्हटलं ना तुला!" रत्तना ओट्यापाशी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"वाचू नको म्हणे! सगळं गाव वाचतंय, मीच तेवढी वाचू नको?"

बरोबरच होतं पोरीचं. गाव ते केवढं? एक खाडी, एक मासळीचा कारखाना, एक चर्च, एक शाळा आणि गरम पाण्याचा तलाव. आइसलँडच्या नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली आणखी दोन गावं झाकली जातील. इथे शेजारी काय शिजलंय ते वासावरून कळतं, आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय ते गाडी कुठे उभी आहे त्यावरून. अशा गावाने इंटरनेटवर स्वतःचं एक पान काढलं होतं. हरवलेली मांजरं, जुने सोफे, बर्फात अडकलेल्या गाड्या, एवढाच त्याचा संसार. आणि आता त्याच पानावर रत्तनाच्या लेकीची चिरफाड चालली होती.

कारण काय? तर सतरा जून. त्या दिवशी देशाचा वाढदिवस असतो, आणि प्रत्येक गावात एक बाई डोंगरमाई होते. म्हणजे काळा घेरदार पोशाख, चांदीचा पट्टा, डोक्यावर उंच पांढरी टोपी, पाठीवर जाळीदार ओढणी, असा थाट करून ती सगळ्यांसमोर येते आणि देशाच्या तोंडची कविता म्हणते. त्या पाच मिनिटांपुरती ती बाई म्हणजेच देश. आणि ती कोण, हे ती बाहेर पाऊल टाकेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नसतं. नवऱ्याचं लफडं लपत नाही या गावात, पण डोंगरमाईचं नाव आजवर कधी फुटलं नव्हतं.

यंदा फुटलं. 'जुना गावकरी' अशा नावाने कुणीतरी लिहिलं, चेहऱ्याच्या जागी दीपगृहाचा फोटो लावून: 'यंदा आपला देश कोण होणार ठाऊक आहे का? कारखान्यातल्या थाई बाईची पोर. आपल्या पोरी काय मेल्या होत्या?'

झालं! त्याखाली रांग लागली. काहींनी चांगलंही लिहिलं, नाही असं नाही. पण वाईट लिहिणाऱ्यांना जोर जास्त असतो. कुणी नाकाडोळ्यांवर बोललं, कुणी बोटीवर बसवून परत पाठवा म्हणालं, आणि कुणी असं काही लिहिलं की सुन्नेवाने ते आईला वाचून दाखवलं नाही, नुसती संडासात गेली आणि नळ सोडून बराच वेळ बसली. पोरगी याच गावात जन्मली. याच शाळेत शिकली. मेंढ्या हाकायला दर शरदात डोंगरावर जाते. बापाचं नाव लावते, तोरफीचं, आणि तोरफीचे सात पिढ्यांचे पूर्वज याच खाडीत बुडून मेलेत. आता आणखी काय करायचं राहिलं होतं तिने?

"मी उत्तर देणार," सुन्नेवा म्हणाली. "लिहून ठेवलंय सगळं. एकेकाची सालटी काढते."

"बाबांना विचार आधी."

तोरफी समुद्रावर होता. फोनवर त्याचा आवाज इंजिनाच्या घरघरीतून आला. "आमिष टाकलंय त्यांनी. तोंड उघडू नका. दोन दिवसांत थंड पडतील."

"आणि नाही पडले तर?"

"पडतील गं. मी ओळखतो या लोकांना."

"मीही ओळखते, बाबा. तोच तर त्रास आहे!" सुन्नेवाने फोन ठेवला आणि आईकडे वळली. "तू सांग. उत्तर द्यायचं की नाही?"

रत्तनाने सुरी खाली ठेवली. तिचं उत्तर तिच्या तोंडावरच होतं, गेली वीस वर्षं होतं. दुकानात कुणी मुद्दाम मोठ्याने आणि सावकाश बोललं तर ती हसायची. कारखान्यात कुणी 'तुमच्याकडे कुत्री खातात ना?' म्हणालं तर ती हसायची. हसलं की माणसाला पुढे बोलता येत नाही, असा तिचा हिशोब होता. आणि लिहायचं म्हटलं तर ती या भाषेत बोलते झकास, पण चार ओळी लिहिल्या की लोकांना हसायला नवं निमित्त.

"गप्प बसलं की विझतं," ती म्हणाली.

"तू वीस वर्षं हसलीस, आई. काय विझलं?"

रत्तना ओट्याकडे वळली. तिने बटाटे उकळायला टाकले.

त्या संध्याकाळी सुन्नेवा लिहीत होती आणि पुसत होती, लिहीत होती आणि पुसत होती. जूनमधला उजेड काही मावळायचं नाव घेत नव्हता. रत्तना विणकाम घेऊन समोर बसली होती, टाके चुकत होते. आणि मग सुन्नेवाचा अंगठा थांबला.

"आई." आवाज वेगळाच होता. "पोशाखाच्या घेरात तू काही शिवलंयस का?"

रत्तनाने विणकाम मांडीवर ठेवलं.

"इथे लिहिलंय बघ. त्याच दीपगृहवाल्याने. 'घेराच्या दुमडीत कसला मंतरलेला दोरा शिवलाय ते तिच्या आईला विचारा. आता आपल्या देशाला गंडेदोरे बांधणार या बायका!'" सुन्नेवाने मान वर केली. "खोटं आहे ना हे?"

खोटं नव्हतं. सुन्नेवा जन्मली तेव्हा रत्तनाच्या आईने दूरच्या त्या गावाहून पांढऱ्या सुताचा एक दोरा पाठवला होता, देवळात भिक्खूंनी मंत्र म्हणून दिलेला. बाळाच्या मनगटाला बांध म्हणाली होती. पुढच्याच वर्षी ती गेली. तो दोरा रत्तनाने इतकी वर्षं कपाटात जपला, आणि पोशाखाचा घेर आखूड करताना हळूच दुमडीत घालून वरून टाके मारले. बाहेरून कुणाला दिसणार होतं? लेक देश होऊन उभी राहणार, तर तिच्या आजीचं तेवढं काहीतरी अंगाला असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"शिवलाय," ती म्हणाली.

"मला न सांगता?"

"अगं, आजीचा होता तो..."

"तू त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलंस!" सुन्नेवा ताडकन उठली. "आता मी तिथे उभी राहिले की प्रत्येक जण माझ्या घेराकडे बघणार. मी नाही जात. सांग उत्सव समितीला, दुसरी कुणीतरी बघा म्हणावं."

"सुन्नेवा..."

"मला नाही व्हायचं यांचा देश! ठेवा म्हणावं तुमच्याकडे!"

खोलीचं दार आपटलं. भिंतीवरचं घड्याळ हाललं. रत्तना जागची हालली नाही. कारण पोरीच्या रडण्याच्याही आधी तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी घुसलं होतं. तो दोरा शिवताना तिच्याखेरीज खोलीत एकच माणूस होतं. पोशाख त्याच माणसाच्या घरी, सुई त्याची, चष्मासुद्धा त्याचाच.

गुडफिन्ना.

आता ही गुडफिन्ना कोण, तर गावाच्या महिला मंडळाची पोशाख सांभाळणारी. सगळे तिला फिन्ना म्हणतात. हा पोशाख तिच्या आईने शिवला, तरुणपणी तिने स्वतः घातला, मग तिच्या लेकीने. दरवर्षी डोंगरमाईच्या डोक्यावर टोपी चढवून पिना लावायच्या त्या फिन्नानेच. ती टोपी नीट बसवणं गावात दुसऱ्या कुणाला जमत नाही. आणि रत्तना या गावात नवी आली, भाषेचं अक्षर कळत नव्हतं, तेव्हा तिला बोलायला शिकवलं तेही फिन्नानेच. तलावावर पहिल्यांदा नेलं तेही तिनेच.

त्या तलावाचा एक नियम आहे आणि त्यातून कुणाची सुटका नाही, पाद्रीणबाईंचीही नाही. पाण्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून, साबण लावून, सगळ्यांसोबत एकाच न्हाणीघरात अंघोळ करायची. पहिल्या दिवशी रत्तना कोपऱ्यात टॉवेल घट्ट धरून उभी राहिली होती. फिन्ना, धिप्पाड, नागडी, साबणाने माखलेली, तिच्यासमोर येऊन म्हणाली होती, "सोड तो टॉवेल, बाई. इथे आपण सगळ्या सारख्याच." रत्तना हसली होती, आणि त्या हसण्यात खोटं काही नव्हतं.

सकाळी ती तलावावर गेली. फिन्नाने कुणाला तरी सांगितलं असेल, रस्ताभर ती स्वतःला सांगत होती. बोलण्याच्या ओघात गेलं असेल तोंडातून. त्या तिसऱ्याने लिहिलं असेल. देवा, तसंच असू दे.

गरम पाण्याच्या गोल हौदात नेहमीची मंडळी मानेपर्यंत बुडून बसली होती. निवृत्त मास्तर, बँकेतली बाई, पोस्टातला माणूस, आणि त्यांच्यामध्ये फिन्ना. रत्तना उतरली तसं बोलणं थांबलं. इथे अहो-जाहो कुणालाच नाही, सगळे नावाने. तरी त्या सकाळी तिचं नाव घ्यायला सगळ्यांना जड गेलं.

"रत्तना," शेवटी मास्तर म्हणाले, "लाज वाटते गं आम्हाला. कोण असेल हा हलकट?"

"बाहेरचाच असणार," पोस्टातला म्हणाला. "राजधानीतला कुणीतरी रिकामटेकडा. आपल्यातलं कुणी असं लिहिणार नाही."

"मी म्हणते चांगलं खणखणीत उत्तर द्यावं त्याला," बँकेतली बाई म्हणाली. "सगळ्यांनी मिळून."

"छे छे!" फिन्ना म्हणाली. वाफेत तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "अशांना उत्तर द्यायचंच नसतं. बोललं की त्यांना चेव येतो. दुर्लक्ष करावं सरळ." मग ती रत्तनाकडे वळली, आवाज मऊ करून. "आणि पोरीचं मन होत नसेल तर नको करू म्हणावं यंदा. जबरदस्ती थोडीच आहे? समजून घेतील सगळे."

एवढं कढत पाणी, आणि रत्तनाला थंडी वाजत होती. संताप म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं तिला वाटायचं आपल्याला तो येतच नाही.

फिन्ना उठली तशी तीही उठली.

न्हाणीघरात दोघीच होत्या. शेजारी शेजारी शॉवर सुरू झाले. रत्तनाने तिला पळवाट ठेवली, अगदी मुद्दाम ठेवली.

"फिन्ना, त्या दोऱ्याचं तू कुणाला बोललीस?"

"मी?" फिन्ना केसांना साबण लावत होती. डोळे मिटलेले. "मी कशाला बोलू कुणाला? तू गुपित म्हणालीस ना. माझ्या पोटातलं बाहेर येत नाही, तुला माहीत..."

ती थांबली. कुणालाच सांगितलं नाही, तर लिहिणारी तीच ठरत होती. साबणाचा फेस तिच्या कपाळावरून डोळ्यांत उतरला तरी तिने पुसला नाही. मग तिचा हात खुंटीवरच्या टॉवेलकडे गेला. रत्तनाने आधीच त्यावर हात ठेवला.

"राहू दे टॉवेल. इथे आपण सगळ्या सारख्याच. तूच म्हणाली होतीस."

"रत्तना, ऐक..."

"तू ऐक. घरी बसून लिहिलंस ते. आता माझ्या तोंडून ऐक." आणि तिने म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, पाठ झालं होतं तिचं. कारखान्यातली थाई बाई, तिची पोर, मंतरलेला दोरा, गंडेदोरे. फरशीच्या भिंतींवर तिचा आवाज घुमत होता. फिन्ना उघडी, ओली, खांदे पाडून उभी होती, आणि तिच्या अंगावर कुठे लपायला जागा नव्हती.

"माझी नात," ती शेवटी म्हणाली. "लहानपणापासून वाट बघतेय ती. माझ्या आईच्या हातचा पोशाख आहे तो. यंदा तिला मिळेल असं वाटलं होतं, आणि समितीने... मला वाटलं दोन ओळी लिहीन आणि मोकळी होईन. मग लोक खाली लिहायला लागले. शाबास म्हणायला लागले. मला घरी कोण शाबास म्हणतं, रत्तना?"

"म्हणून माझ्या पोरीला खाल्लंस?"

फिन्ना रडायला लागली. मग एकदम चवताळून म्हणाली, "मग सांग जा सगळ्यांना! बसलेत अजून हौदात. जा, घे माझं नाव! उत्तर दे!"

आणि रत्तना खरंच दाराकडे गेली. दार ढकललं की दहा पावलांवर हौद. एक नाव उच्चारायचं, बस्स. संध्याकाळच्या आत गावाचं ते पान फिन्नाच्या रक्ताने माखलं असतं. हेच लोक, हीच बोटं, फक्त नाव दुसरं. ते दृश्य तिला इतकं गोड वाटलं की तिची तिलाच भीती वाटली. पण सुन्नेवा? ती तशीच दार लावून बसणार होती. फिन्ना जळून गेली तरी पोरगी काही बाहेर येणार नव्हती.

ती परत फिरली.

"तुझं नाव घेऊन मी काय करू? मला माझी पोर तिथे उभी हवी आहे. सतराला टोपी लावायला तू येशील, दरवर्षीसारखी. आणि तिच्या तोंडावर सांगशील कोण लिहीत होतं ते."

"मला नाही जमायचं."

"लिहायला जमलं ना?"

"आणि नाही आले तर?"

"तर मी काही करणार नाही. कुणाला बोलणार नाही. पण रोज सकाळी त्या हौदात तुझ्या शेजारी येऊन बसेन. मरेपर्यंत." तिने टॉवेल काढून फिन्नाच्या हातात दिला. "पूस अंग. गारठशील."

सतराच्या सकाळी वारा सुटला होता. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत पोशाख दाराला टांगलेला, आणि सुन्नेवा खुर्चीत, अंगात जाड हुडी, पायात खेळायचे बूट. समितीला अजून 'नाही' कळवायचं होतं. "कुणीतरी तुला काही सांगायला येणार आहे, तेवढं ऐक आणि मग ठरव," एवढंच बोलून रत्तनाने तिला इथवर आणलं होतं.

"कोण येणार आहे?"

"येऊ दे."

बाहेर बँडवाले सूर लावत होते. पोरं झेंडे नाचवत होती. तोरफी आदल्या दिवशीच बंदराला लागला होता, तो इस्त्रीच्या कोटात दाराबाहेर पहारा दिल्यासारखा उभा. बँड सुरू झाला. मिरवणूक चर्चपासून निघाली असणार. फिन्नाचा पत्ता नव्हता. सुन्नेवा उठली. "पुरे झालं, आई. घरी चल."

"थांब जरा."

"कशासाठी? कुणी येत नाहीये!"

तेवढ्यात दार उघडलं. फिन्ना आत आली, हातात टोपीचा डबा, केस वाऱ्याने विस्कटलेले. तिने डबा टेबलावर ठेवला. रत्तनाकडे बघितलं, मग पोरीकडे. आणि तिथेच, कोटही न काढता, म्हणाली,

"दीपगृहाच्या फोटोवाली मीच."

सुन्नेवाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आईकडे बघितलं, आईने मान हलवली. या बाईने तिला लहानपणी लोकरीचे मोजे विणून दिले होते. किती उत्तरं लिहिली होती पोरीने त्या दीपगृहाला, किती पुसली होती! एकेक शब्द धार लावून ठेवलेला. आता दीपगृह समोर उभं होतं, म्हातारं, नाक पुसत, आणि त्यातला एकही शब्द तिच्या तोंडात येईना.

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ओकले," शेवटी ती म्हणाली. "तुझं लिहिलेलं वाचून, फिन्ना. तुझं."

"पुसलं मी ते सगळं. काल रात्री."

"मी वाचलेलं कसं पुसशील?"

बँड जवळ येत होता. रत्तनाला वाटलं, संपलं, आता ही उठून निघून जाणार, आणि मीच हे घडवलं.

"दोरा?" सुन्नेवाने विचारलं.

"आहे घेरात. मी हात नाही लावला त्याला."

सुन्नेवा पडद्यामागे गेली. बराच वेळ नुसती कापडाची सळसळ. बाहेर आली तेव्हा अंगात तो काळा पोशाख होता, पट्टा हातात. पट्टा तिने आईकडे दिला. खुर्ची ओढली आणि फिन्नाकडे पाठ करून ताठ बसली.

"पिना नीट लाव," ती म्हणाली. "बाहेर वारा आहे."

फिन्नाने डबा उघडला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"आणि रडू नकोस. हात हलतील."

मग सुन्नेवा बाहेर गेली. नियमाप्रमाणे कुणी नाव पुकारलं नाही. दार उघडलं आणि डोंगरमाई मंचावर आली. मग मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, बँकेतल्या बाईने वाजवल्या, पोरांनी आरडाओरडा केला. काही हात खिशातच राहिले, ते रत्तनाला दिसले, आणि कुणाचे तेही तिने बघून ठेवलं. तोरफी भर गर्दीत नाक शिंकरत होता. सुन्नेवाने कविता म्हटली. पहिल्या ओळीला आवाज चिरला. दुसऱ्या ओळीला सावरला. वाऱ्याने ओढणी फडफडवली, घेर पायांभोवती फिरवला, कुणी घेराकडे बघत होतं, कुणी नव्हतं. टोपी मात्र तसूभर हालली नाही.

फिन्ना रत्तनाच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"माफ करशील मला?" फिन्नाने हळूच विचारलं.

"नाही," रत्तना म्हणाली. आणि या खेपेला ती हसली नाही.

कविता संपली. टाळ्या सुरू झाल्या. त्यात फिन्ना पुन्हा काहीतरी पुटपुटली, रत्तनाने कान पुढे केला.

"उद्या तलावावर येशील?"

"येईन की," रत्तना म्हणाली. "मी कशाला यायचं सोडू?"